किल्लीवाल्या मामांची कबुली

औषधांच्या दुकानाच्या पायरीशी किल्लीवाले मामा बसायचे. कुलूप कानाशी धरून किल्ली फिरवायचे आणि म्हणायचे, "रुसलंय बिचारं. समजूत काढतो." लोक हसायचे आणि घराच्या किल्ल्या बिनघोर त्यांच्या हाती द्यायचे.

मग सराफाच्या घरी चोरी झाली. कुलूप शाबूत, दागिने गायब. ते कुलूप थोड्याच दिवसांपूर्वी मामांनी दुरुस्त केलं होतं. फौजदाराला तेवढं पुरलं.

"कुलूप न तोडता आत कोण शिरणार? भूत?"

"ज्याच्याकडे किल्ली आहे तो, साहेब," मामा म्हणाले, आणि पहिली थप्पड बसली.

मारापुढे ते टिकले. पण फौजदार गोड आवाजात म्हणाला, "आता बायकोलाही बोलवावं लागेल बघ," तेव्हा मामांनी सगळं कबूल केलं. दागिने कुठे ठेवले ते मात्र सांगता येईना. ते ठाऊक असायला आधी चोरी करावी लागते. याचं कुणालाच काही वाटलं नाही.

सरकारने दिलेला वकील कोर्टाच्या जिन्यातच भेटला. "कबूल करून बसलायस. आता मी काय दिवे लावू?" म्हणाला आणि वर निघून गेला. तारखांवर तारखा पडत राहिल्या. मामी भेटीला यायची, जाळीपलीकडे उभी राहायची. एकदा तिने हळूच विचारलं, "खरं सांगा, तुम्ही नाही ना केलं?" पाठीवरचे वळ तोवर बरे झाले होते. हे मात्र मामांच्या काळजात रुतून बसलं.

काही वर्षांनी सराफाचा पुतण्या भलत्याच भानगडीत सापडला आणि त्याच्या कपाटात काकूच्या बांगड्या मिळाल्या. घरचीच किल्ली, घरचाच चोर. सराफाने त्याला नामांकित वकील दिला. आठवड्याच्या आत स्वारी जामिनावर घरी. मामांच्या सुटकेला मात्र पुढे कित्येक महिने लागले, कारण न्यायाधीश रजेवर होते.

"निर्दोष," न्यायाधीशांनी मान वर न करता सांगितलं. पुढच्या खटल्याचा पुकारा झाला तरी मामा पिंजऱ्यातच उभे. शिपाई म्हणाला, "निघा आता, वाट अडवू नका."

मामा पुन्हा पायरीशी बसले. लोक चहा पाजायचे, हळहळायचे, पण कुलूप कुणी आणेना. औषधवाला म्हणाला, "लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार, मामा? आगीशिवाय धूर निघत नाही, म्हणतात." मग मामा छत्र्या दुरुस्त करू लागले.

एका दुपारी तोच फौजदार छत्री घेऊन आला. केस पिकले होते, आवाज तोच. त्याने मामांना ओळखलंसुद्धा नाही. मामांनी मान खाली घालून काडी बसवली. फौजदाराने छत्री उघडून पाहिली. "झकास! पूर्वी कुठे बसायचास?"

"इथंच, साहेब."

मामा लवकर घरी आले. ऐकून मामी भडकली. "तोंडावर सांगायचं होतं ना, तूच माझं वाटोळं केलंस म्हणून!"

मामांनी आधी दार लावून घेतलं. "आणि परत नेलं असतं तर?"