रानझाडांची वेबसाइट

पुण्याहून भूगाव मागे टाकून पौडकडे निघालं की रस्त्याला लागूनच रेश्मा ढमालेची रोपवाटिका आहे. गुलाब, शेवंती तिथे मिळत नाहीत. कुंभा, वावळ, ताम्हण, पांगारा अशी डोंगरातली झाडं ती बियांपासून वाढवते. बी गोळा करायला स्वतः रानात जाते. गिऱ्हाइकांना फोनवर तेच तेच सांगून घसा बसायला लागला, तेव्हा तिने वेबसाइट करून घ्यायचं ठरवलं. एका गिऱ्हाइकाने कौस्तुभचं नाव सुचवलं. तो लातूरकडचा, पुण्याजवळ मारुंजीत भाड्याने राहून घरूनच वेबसाइट बनवायची कामं करायचा.

पहिल्या भेटीत त्याने लॅपटॉप उघडलाच नाही. नुसतं विचारत राहिला. कोण येतं? काय शोधतं? काहीच न घेता कोण परत जातं?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं रेश्माने भराभर दिली. परत जाणाऱ्यांकडे मात्र तिने कधी लक्षच दिलं नव्हतं. मग तिनेही आपली शंका काढली.

"ही साइट ऱ्हाती कुटं?"

"दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर, ताई. तिथली जागा आपण वर्षाच्या भाड्याने घ्यायची."

"आन् नाव?"

"तेही वर्षाच्या भाड्यानेच."

"म्हंजी घर बी भाड्याचं आन् दारावरची पाटी बी!" तिला हसू आवरेना.

साइटवर कोणती पानं हवीत हे दोघांनी मिळून ठरवलं, लिहून ठेवलं आणि काम सुरू झालं. पुढच्या भेटीत कौस्तुभने मोबाइलवर कच्चा नमुना दाखवला. रेश्मा प्रत्येक पानाला "लई छान" म्हणत गेली.

"ताई, छान राहू द्या. खटकतंय काय ते सांगा."

"तुमी एवढं केलंय, नावं कशी ठिवू?"

"आत्ताच ठेवा. आत्ता पुसता येतं. सगळं बांधून झाल्यावर मोडतोड करावी लागते."

तेव्हा कुठे ती बोलली, की अक्षरं फार बारीक आहेत, उन्हात दिसत नाहीत. मग एकेक निघत गेलं आणि कौस्तुभ खूश होऊन टिपून घेत राहिला.

साइट जवळपास तयार झाल्यावर तो म्हणाला, "आता तुमच्या ओळखीत नसलेल्या एखाद्या माणसाला वापरायला देऊ. आपण फक्त बघायचं. तुम्ही एक शब्दही बोलायचा नाही."

भूगावात सातव्या मजल्यावर राहणाऱ्या, कौस्तुभच्या ओळखीच्या शारदाकाकू तयार झाल्या. त्यांनी चष्मा लावला, मोबाइल हातात घेतला. ताम्हणाचं पान उघडलं, बंद केलं. कुंभ्याचं उघडलं, पुन्हा मागे आल्या. रेश्मा ओठ घट्ट मिटून बसली होती. रोप मागवायचं हिरवं बटण समोरच होतं आणि काकूंचं बोट त्याच्या आजूबाजूला फिरत होतं. तिच्याने राहवेना.

"काकू, त्ये हिरवं दाबा की!"

कौस्तुभने कपाळाला हात लावला.

"दिसतंय गं ते," काकू म्हणाल्या. "पण दाबून काय करू? झाड लावायला मला जमीन कुठे आहे? मी शोधतेय, की माझ्या नावाने तुम्हीच कुठे झाड लावता का."

रेश्माला कौस्तुभचा तो शेवटचा प्रश्न आठवला. परत जाणारं माणूस आज समोर बसलं होतं आणि का परत जातं ते सांगत होतं. तिच्या सासऱ्यांचा, हैबतरावांचा, गावाच्या वरच्या अंगाला एक माळ होता. त्यावर गवताशिवाय काही नव्हतं.

परतताना तिने विचारलं, "लोकांच्या नावानं आमच्या माळावर झाड लावायचं पान घालता यील?"

"येईल. पण हे ठरलेल्यात नव्हतं. एक तर वेगळं काम धरून त्याचे वेगळे पैसे लावू, नाहीतर त्या बदल्यात काहीतरी काढू."

रेश्माने विचार केला. "आमच्या घरच्यांच्या फोटोंचं पान काढा. त्ये बघाय कोन येतंय?"

हैबतरावांनी माळ द्यायला आढेवेढे घेतले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, "लोकांची नावं न् आपली माती? बघू तरी काय हुतंय."

साइट सुरू झाली, तेव्हा नव्या पानावर शारदाकाकूंनी सर्वात आधी नाव घातलं. पाऊस स्थिरावल्यावर त्या मुलाच्या गाडीतून माळावर आल्या आणि ताम्हणाचं रोप त्यांनी स्वतः खड्ड्यात ठेवलं.

"आता याचा फोटो साइटवर दिसेल ना?" त्यांनी विचारलं.

फोटोंचं ठरलेल्यात काहीच नव्हतं. रेश्माने तिथूनच कौस्तुभला फोन लावला.