सगळी गेली

"आकडा मुका असते भाऊ, त्याले बोलतं करा लागते," असं म्हणून सर चष्मा कपाळावर चढवायचे. आकडे वाचायला बसताना चष्मा वर सारणारा माणूस तुम्ही तरी पाहिलाय का?

सर आमचे शेजारी, निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांनी गोष्टीच्या खेळाचं पुस्तक लिहिलं होतं. एकानं त्यातून गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी पात्रं व्हायचं, पुढे काय घडणार ते फाशानं ठरवायचं. लोहाऱ्याच्या ज्या छापखान्यात मी हिशेब पाहतो, तिथंच ते छापलं. आता सर दुसरा भाग लिहीत होते. तो छापायचा की नाही, हे मालकांनी माझ्यावर सोपवलं.

माझ्यापुढे आकडे मोजकेच. यवतमाळात खप जेमतेम. दारव्ह्याचा दुकानदार मात्र फोनवर म्हणाला होता, "सगळी गेली." पण त्यानंतर त्याची मागणी नाही. मी म्हणालो, लोकांची हौस फिटली. सर म्हणाले, एका पुस्तकावर पाच जण खेळतात, दुसरं कायले घेतील? अर्थ दोन्ही निघत होते. शेवटी बाजाराच्या दिवशी आम्ही दोघांनी जीपनं दारव्हा गाठलं.

दुकानदार म्हणाला, "गेली म्हंजे माळ्यावर गेली ना जी. शाळेची पुस्तकं आल्ती, जागा कुठं होती?"

सर स्वतः शिडी चढले. वर गठ्ठे सोडून एकेक पुस्तक मोजू लागले. मी खाली शिडी धरून उभा. माझा निर्णय झाला होता.

"एक कमी हाये," सर वरून म्हणाले.

ती प्रत मागच्या खोलीत सापडली. दुकानदाराची बायको आणि तिच्या तीन मैत्रिणी पुस्तकाभोवती बसल्या होत्या. पानांच्या कडा हाताळून काळ्या पडल्या होत्या.

"पुस्तक इथंच संपते," दुकानदारीणबाई म्हणाल्या. "याच्या पुढचं निघन का?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. एका प्रतीवर पुढचा भाग छापता येत नाही. मी तसं सांगितलं.

"छापलेलं नाही," सर बाईंना म्हणाले. "मी आणून देतो."

तेव्हापासून दर बाजाराला ते हातानं लिहिलेली पानं घेऊन दारव्ह्याला जायचे. मी टोकलं तर हसायचे.

मागच्या हिवाळ्यात सर वारले. टेबलावर राहिलेली पानं पोचवायला मी गेलो. चौघी बसल्या होत्या. बाईंनी वाचत वाचत शेवटचं पान उलटलं. मागची बाजू कोरी होती.

"आता वं?" एकीनं हळूच विचारलं.

बाईंनी पदराला हात पुसले आणि माझ्या खिशातला पेन मागून घेतला.