गुरुवारचं सूप

इथे परदेशात, टूनगॅबीला लेकाच्या घरी आम्ही माणसं चार आणि जेवायच्या वेळा पाच. लेक लॅपटॉपसमोर जेवतो, सून ऑफिसात डबा उघडते, नात ताट घेऊन तिच्या खोलीत जाते. माझ्यासमोर बसून कोणी जेवायचं ते फक्त गुरुवारी दुपारी, आणि तेही कुंपणापलीकडे.

पलीकडची म्हातारी फ्रान्समधल्या एका खेड्यातली, लग्न करून इकडे आलेली. हे कळल्यावर मी कुंपणावरूनच तिच्यावर माझं फ्रेंच सोडलं. पुण्यात शाळेत मी जन्मभर फ्रेंच शिकवलं, फ्रान्स न बघता. माझ्या फ्रेंचमध्ये हॉटेलात खोली मिळते आणि संग्रहालयाचा पत्ता विचारता येतो. तेवढंच धड येत होतं, म्हणून तेच विचारलं, "मादाम, संग्रहालय कुठे आहे?"

"माझं स्वयंपाकघर," ती म्हणाली. "ये आत."

मला वाटलं होतं, पांढराशुभ्र टेबलक्लॉथ असेल, काटेचमचे ओळीने मांडलेले असतील. तिथे होतं चिरा गेलेलं प्लास्टिक, एकेक चमचा आणि खुर्चीवरून हलायला तयार नसलेलं मांजर. परसातला कोबी, बटाटा आणि कांद्याच्या लांब पातीसारखी दिसणारी लीक, सगळं एकत्र रटरटत होतं. खोलगट ताटलीच्या तळाशी तिने शिळा कडक पाव घातला आणि वर ते सूप ओतलं. आमच्याकडचा पोळीचा कुस्करा आठवला मला. शेवटचे दोन घोट उरले, तशी तिने त्यात लाल वाइन ओतली, ताटली दोन्ही हातांनी उचलली आणि तोंडाला लावली.

"गावाकडे सगळे म्हातारे असंच करायचे," ती ओठ पुसत म्हणाली.

मी चमचा हातात धरून तशीच बसले. माझे सासरे जेवणाच्या शेवटी भाताच्या उरल्यासुरल्या शितांवर ताक ओतायचे, ताट उचलायचे आणि भुरका मारून पिऊन टाकायचे. तेव्हाची मी म्हणजे काय विचारता! पदवी ताजी, लग्न ताजं, आणि नाक दोन्हींच्या वर. एकदा न राहवून मी म्हणाले, "मामंजी, फ्रेंच माणसाने बघितलं तर काय म्हणेल?"

नारायण पेठेत दुपारी बारा वाजता कोणता फ्रेंच माणूस खिडकीतून डोकावणार होता, देव जाणे.

मामंजी शांतपणे म्हणाले, "बोलव की त्याला, सूनबाई. ताक भरपूर आहे."

हे मी म्हातारीला मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये सांगितलं, तेव्हा तिला हसून हसून ठसका लागला. पुढच्या गुरुवारी मी ताक घेऊन गेले. तिने चाखलं, तोंड वाकडं केलं आणि मान डोलवत म्हणाली, "नो वरीज. तू तुझं पी." तेव्हापासून तिच्या ताटलीत वाइन, माझ्यात ताक. भुरका कोणाचा मोठा यावर आमची भांडणं व्हायची. मांजर पंच.

मग एका गुरुवारी तिने सूप वाढलं, पण पाव घालायला विसरली. मी आठवण केली तर म्हणाली, "मुलगा मला पर्थला नेतोय. तिथल्या वृद्धाश्रमात."

"सूप देतात का तिथे?"

"देतात. कपात."

"आणि पाव?"

"मऊ."

स्टेशनवर निरोप घेतानाची सुंदर फ्रेंच वाक्यं मी शाळेत मुलांकडून घोकून घेतलेली. त्यातलं एकही तोंडात येईना. शेवटी मराठीतच म्हणाले, "नको ना गं जाऊस." तीही काहीतरी बोलली, तिच्या गावच्या बोलीत, जी मला कधी कोणी शिकवली नव्हती. काय म्हणालीस, हे आम्ही दोघींनीही एकमेकींना विचारलं नाही. सूप संपवलं. भुरका मात्र दोघींनी मारला.

तिच्या परसात आता कोबीला फुलं आली आहेत. मांजर तिच्याबरोबर गेलं.

गेल्या रविवारी नवल घडलं, आम्ही चौघं एकाच वेळी टेबलाशी होतो. मी शेवटच्या भातावर ताक ओतलं, ताट दोन्ही हातांनी उचललं आणि भुरका मारला. एकाचीही मान वर झाली नाही. मग मुद्दाम दुसरा मारला, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा. लेकाच्या कानात ती गाणी ऐकायची पांढरी बोंडं होती, सून फोन वाचत होती, नात फोनकडे बघून हसत होती.

मामंजींना निदान नाक मुरडायला मी तरी होते.