दाराजवळचा हिरवा टब

नेरच्या बाहेर, अमरावतीच्या रस्त्याला, फवारणीच्या औषधांचं आणि बियाण्यांचं एक मोठं गोदाम आहे. नाव लिहीत नाही. मालकाला फुकटची जाहिरात मिळेल आणि मला फुकटची नोटीस. मी त्या भागात हमालांची संघटना चालवतो, म्हणून त्या गोदामात माझं जाणं-येणं. बहुतेक वेळा भांडायलाच. तिथली स्टोअरकीपर अंजू आडे. मालकाच्या बाजूच्या माणसांत जिच्याशी मला भांडता येत नाही अशी ती एकटी.

अंजू टेकडी तांड्याची सून. बारावी शिकलेली, बारीक अंगाची, बोलायला कमी. पहिल्यांदा ती गोदामावर लागली तेव्हा तांड्याचे नाईक धावजी आडे तिला म्हणाले होते, "आपले बापजादे बैलावर मीठ लादून मुलूख फिरले व पोरी, अन् तू एका खोलीतल्या खोलीत माल फिरवते." अंजू म्हणाली, "बैल पाणी तरी मागे, नाईक. हा माल काहीच मागत नाही." सगळे हसले. धावजीही हसले.

तेव्हा ते गोदाम म्हणजे उकिरडा होता. तणनाशकाच्या बाटल्यांवर तुरीच्या बियाण्याची पोती, त्यावर हमालांचे डबे. एखादी पेटी शोधायला अर्धा दिवस जायचा आणि हमाल पोत्यांवर चढून-उतरून थकायचे. फुटलेल्या बाटलीवरून चालत गेलेल्या एका हमालाचे तळपाय सोलून निघाले, तेव्हा मी मालकाच्या टेबलावर हात आपटला. त्याचा परिणाम म्हणा की मालकाला कुठल्या कंपनीची एजन्सी पाहिजे होती म्हणून म्हणा, नागपूरहून एक शिकवणारा साहेब आला. त्यानं 'लीन' नावाची पद्धत शिकवली. नको ते काढा, पाहिजे ते हाताशी ठेवा, प्रत्येक वस्तूला एकच जागा, आणि जागा रिकामी दिसली की काय कमी आहे ते न विचारता कळलं पाहिजे.

इंद्रजीत हमालानं विचारलं, "लीन म्हंजे काय, साहेब?"

"म्हणजे बारीक. फालतू चरबी नको."

"मंग सुरुवात मालकापासून करा ना."

साहेबाला कळलं नाही. आम्ही मात्र आठवडाभर हसलो.

पण अंजूनं ते मनावर घेतलं. तिनं फरशीवर पिवळ्या रंगानं चौकोन आखले, मांडण्या लावल्या, मांडण्यांवर प्लास्टिकचे खोल टब. साहेब त्यांना बिन म्हणायचा, हमाल टबच म्हणायचे. हिरव्या टबात जोरात खपणारा माल, पिवळ्यात हळू खपणारा, लाल टबात फुटका, मुदत संपलेला, परत जाणारा. टब रिकामा झाला की तो दाराजवळच्या चौकोनात आणून ठेवायचा. तिथं टब दिसला की समजायचं, हा भरायचा आहे. पेट्या शोधणं संपलं. पोत्यांवर चढणं संपलं. हमालांचे डबे ठेवायला वेगळी खोली झाली, ती माझ्या भांडणानं झाली असं मी सगळीकडे सांगतो, पण खरं म्हणजे जागा अंजूनं काढून दिली.

आता या टबांच्या रंगात काय लपलं होतं ते ना साहेबाला कळलं, ना अंजूला, ना मला. मी स्वतःला फार हुशार समजतो.

ज्या साली आमच्या जिल्ह्यात फवारणीनं माणसं मेली, त्यानंतर गावोगावी लोकांना एक गोष्ट पाठ करून घेतली गेली. औषधाच्या डब्यावर त्रिकोण पाहा. लाल असला तर मरण. पिवळा, निळा म्हणजे सांभाळून. हिरवा असला तर त्यातल्या त्यात कमी विषारी. आमच्या संघटनेनंही तेच भिंतीवर रंगवलं. न शिकलेल्या बाईलाही ते पाठ झालं. म्हणजे विषाच्या घरात रंगाचा अर्थ आधीच ठरलेला होता, आणि त्याच घरात आम्ही रंगाला दुसरा अर्थ दिला.

श्रावणातली गोष्ट. तांड्यावर तीज सुरू होती. बंजाऱ्यांच्या कुवार पोरी टोपल्यांत गहू पेरतात, रोज पाणी घालतात, भोवती फेर धरून गातात. टोपल्या नाइकाच्या दारी. शेवटाशेवटाला ढमोळी, म्हणजे चुरम्याचा नैवेद्य. गरम पोळ्या कुस्करून त्यात गूळ-तूप. पोरींचा उपास असतो, आणि नैवेद्याआधी तो चुरमा कोणी तोंडाला लावायचा नाही. लावला तर तीज बाटली, आणि दंड नाइकाच्या हातात.

त्या सकाळी अंजू गोदामावर आली आणि दाराजवळच्या चौकोनाकडं पाहून थांबली. काल तिथं रिकामा हिरवा टब होता. आज नुसती पिवळी रेघ.

"टब कोनं भरला?" तिनं इंद्रजीतला विचारलं.

"भरला नाही. मोतीबाईनं नेला काल. ढमोळीचा चुरमा कराले मोठं भांडं पाह्यजे म्हणे. म्हटलं ने, धुऊन आणून दे."

मोतीबाई गोदाम झाडते. अंजूच्याच तांड्याची, अंजू तिला याडी म्हणते, म्हणजे आई.

अंजूनं कोणता टब ते विचारलं नाही. तिला माहीत होतं. त्या टबात खोडाला टाकायच्या दाणेदार औषधाच्या पिशव्या होत्या, लाल त्रिकोणाच्या. जोरात खपतात म्हणून हिरव्या टबात. त्यातली एक फाटली होती. फाटकी पिशवी कंपनीकडं परत गेली, बाकीच्या विकल्या गेल्या, आणि टब रिकामा म्हणून दाराजवळ आला. रिकामा म्हणजे डोळ्याला रिकामा. त्याच्या कोपऱ्यांत वाळूसारखा काळा भुगा होता.

तिनं मोतीबाईला फोन लावला. लागला नाही. नवऱ्याला लावला, वाजून बंद पडला. तीज चालू असलेल्या तांड्यावर डफाच्या आवाजात फोन कोण ऐकतो. मग तिनं मला लावला. "श्रावणभाऊ, गाडी घेऊन या. आत्ता." एवढंच.

मी पोहोचलो तर ती रस्त्यावर उभी. हातात त्या औषधाची एक भरलेली पिशवी, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. "डाक्टरले दाखवाले लागन," ती म्हणाली. आणि गाडीवर बसता बसता तिनं टबाचं सगळं सांगितलं.

तांड्याचा रस्ता म्हणजे चिखल. नाल्याच्या रपट्यावर, त्या बुटक्या पुलावर, पाणी होतं, गाडी घसरली, मी शिवी दिली. मागे बसून ती माझ्या खांद्याला धरून होती. मी मालकाला, साहेबाला, इंद्रजीतला, सगळ्यांना एकेक शिवी मोजून दिली. ती एकदाच बोलली, "रंग मीच लावले, भाऊ."

आम्ही पोहोचलो तेव्हा धावजी नाइकाच्या अंगणात पोरी टबाभोवती बसून पोळ्या कुस्करत होत्या. हिरवा टब मधोमध. गुळाचा वास सुटलेला. अंजू धावतच गेली आणि तो टब ओढून दूर केला.

"काय करून राह्यली व? नैवेद हाय तो," धावजी उठले.

"याच्यात विष होतं, नाईक."

डफ थांबला. मोतीबाई पुढं आली. तिचा चेहरा मी विसरणार नाही. "खोटं. मी पाहून आणला व अंजू. लाल टबाले हात नाही लावला. हिरवा पाहूनच आणला. पदरानं पुसला बी."

कोणी तरी बाई म्हणाली, "सायबीण झाली आता. आपली तीज नाही पाहवत तिले."

अंजूनं तिकडं लक्षच दिलं नाही. "कोणी खाल्लं का? बोट तरी चाटलं?"

पोरींनी माना हलवल्या. नाही. कोणीच नाही. मी सुटकेचा श्वास टाकायला लागलो होतो. पण अंजू पोरींचे चेहरे पाहत होती. तिच्या लक्षात आलं ते माझ्या टाळक्यात शिरायला वेळ लागला. नैवेद्याआधी खाल्लं असं कोण कबूल करेल? नाइकासमोर, आख्ख्या तांड्यासमोर, तीज बाटवली म्हणून?

ती वळली. "नाईक, तुमी म्हणा."

"काय म्हणू?"

"का ज्यानं खाल्लं त्याले दंड नाही. दोष नाही. तीज बाटली नाही. तुमी म्हटल्याशिवाय पोट्टी बोलनार नाही अन् मग बोलाले राहनार नाही."

धावजी जुना माणूस. त्यांच्या बापाच्या, आज्याच्या वेळेपासून असं कोणी म्हटलं नव्हतं. ते टोपल्यांतल्या कोवळ्या गव्हाकडं पाहत राहिले. मला वाटलं या म्हाताऱ्याची मान पकडून हलवावी. मी पुढं सरकलोही, अंजूनं मला हातानं अडवलं.

मग धावजी म्हणाले, आधी हळू, मग मोठ्यानं, "दंड नाही. ज्यानं खाल्लं त्यानं सांगा. मी नाईक म्हणून सांगून राह्यलो."

पायल खाली बसली. मोतीबाईची नात, दहावीतली. "चुरमा खाल्ला मावशी. मूठभर. लय भूक लागली होती." तिच्या कपाळावर घाम होता, तोंडातून लाळ गळत होती आणि ती पुन्हा पुन्हा ओढणीनं पुसत होती. इतका वेळ ती गप्प बसून लाळ पुसत होती. मग शेजारच्या रंजितानंही हात वर केला. "मी बी. थोडासा."

अंजूनं पायलचा चेहरा उजेडाकडं फिरवला. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. तिनं सगळ्या पोरींचे हात साबणानं धुवायला लावले, चुरम्याला कोणी हात लावू नका, कुत्र्यालाही देऊ नका म्हणून ओरडली. रंजिताला तिच्या बापाच्या गाडीवर घातलं. पायल माझ्या गाडीवर, आमच्या दोघांच्या मधे. रपट्यावर तिला उलटी झाली. मग तिची मान अंजूच्या खांद्यावर पडली आणि अंजू तिच्या कानात सारखी बोलत राहिली, गोरमाटीत, त्यांच्या बंजारा बोलीत, काय बोलत होती ते मला कळलं नाही. मध्येच ती थांबली की मी मागे न पाहता विचारायचो, "हाय ना?" ती म्हणायची, "हाय."

नेरच्या दवाखान्यात अंजूनं पिशवी डॉक्टरच्या हातात दिली. सुया लागल्या. मग यवतमाळला. मोतीबाई बसनं मागून आली आणि वॉर्डाच्या दाराशी भिंतीला टेकून बसली. कोणी पाणी दिलं तर ग्लास फिरवून फिरवून पाहायची आणि तसाच ठेवायची. "हिरवाच होता व," एवढंच म्हणायची. अंजू तिच्याजवळ बसली. दोष कोणाचा हे दोघींनीही बोलून दाखवलं नाही. मी बोलणार होतो, पण मला कोणी विचारलं नाही.

रंजिता दुसऱ्या दिवशी घरी आली. पायल नंतर आली, अशक्त, पण पायानं चालत.

ती घरी आली त्या दिवशी धावजींनी अंजूला बोलावून घेतलं. मीही गेलो. ते म्हणाले, "त्या गोदामातून आमच्या घरी काय काय आलं हाय, ते पाह्य."

मला वाटलं दोन-चार डबे असतील. बाया घरात गेल्या आणि आणायला लागल्या. पाच लिटरचे कॅन, त्यांत पिण्याचं पाणी. निळे डबे, त्यांत मीठ. पांढरे, त्यांत लोणचं. बुटका पिंप, त्यात ज्वारी. किती वर्षांचे, कोणी आणलेले, कोणाला आठवेना. लेबलं केव्हाची निघून गेलेली. अंजू एकेक उचलून आत वास घ्यायची, नखानं काठ खरवडून पाहायची, आणि मान हलवायची. कशात काय होतं ते सांगता येत नव्हतं. अंगणात ढीग वाढत गेला. लहान लेकरं असलेल्या आया त्या ढिगाकडं नाही, आपल्या लेकरांकडं पाहत होत्या.

"मंग पाणी कायच्यात भरावं?" कोणी तरी विचारलं.

"मातीच्या माठात," अंजू म्हणाली. "मालकाकडून नवे आणून देईन. नाही दिले तर भाऊ हायेत भांडाले."

तिनं सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, मागितली. एकेक कॅन ओतून, आडवा करून त्याच्या बुडाला भोक पाडायला लागली. पुन्हा कोणी वापरू नये म्हणून. प्लास्टिक फाटताना आवाज होत होता आणि दर आवाजाला मोतीबाई दचकत होती. थोड्या वेळानं ती उठली, आपल्या घरी गेली, आणि स्वयंपाकघरातला पिठाचा डबा घेऊन आली. पीठ तसंच आत होतं.

"हा बी," ती म्हणाली.