उलटा आटा

मेहकरच्या बसस्टँडमागचा सायकलवाला गिऱ्हाइकाचं तोंड कधी बघत नाही. मान खाली घालूनच म्हणतो, "चप्पल उलटी करून दाखवा." तळ झिजलेला दिसला की रुंद, खरबरीत रबराचं पायडल काढतो. गुळगुळीत, स्वस्तातलं मागितलं तर त्याला ऐकूच येत नाही. पायडल बसवलं की स्वतः त्यावर उभा राहतो आणि मगच "हाव" म्हणून होकार देतो. त्या एका "हाव"च्या भरवशावर माझी मुलगी शाळेतून येताना रोज मोठा उतार उतरते.

परवा ती म्हणाली, डावं पायडल डुगडुगतंय. मीच घरी पाना लावून चांगलं पिळलं. काल दुपारी ती आली तेव्हा ते जास्तच हलत होतं, म्हणून सायकल त्याच्याकडे नेली. त्यानं नुसतं बोटांनी फिरवलं, तर पायडल हातात आलं. शेवटच्या एका आट्यावर ती उतार उतरली होती.

"डाव्याचा आटा उलटा राह्यते," तो म्हणाला. "आवळतो म्हनून कोनं तरी ढिलं केलं. कोन बसलं होतं याच्यावर?"

"पोरगी."

"अन् फिरवलं कोनं?"

"तिनंच फिरवलं असन," मी म्हणालो.

त्यानं मान वर केली आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे पाहिलं.