वसुधाताईंच्या विहिरी

श्रीकांतरावांचा फोन आला तेव्हा मी जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या कारखान्यात जेवायला बसलो होतो. "नितीन, वसुधा गेली. आज विहिरींवर जाऊ नकोस, घरी ये," एवढंच म्हणाले... बायको गेल्याचं सांगताना या माणसाला विहिरी आठवल्या, याचं कुणालाही नवल वाटेल. ताईंना ओळखणाऱ्यांना वाटणार नाही.

वसुधाताई भूजलाच्या संशोधक. डोनाऊ नदीकाठच्या शेतांतल्या आठ विहिरींची पातळी त्या दर सोमवारी मोजायच्या. विहिरी कसल्या, जमिनीतून डोकं काढलेले लोखंडी पाइप! आत फीत सोडायची, टोक पाण्याला टेकलं की वर दिवा लागतो, मग पाणी किती खोल आहे तो फितीवरचा आकडा वहीत लिहायचा. मूळ प्रकल्प केव्हाच बंद झाला होता. संस्थेत आता सगळं कॉम्प्युटरवर चाले आणि नवं काम मंजूर होई ते तीन वर्षांपुरतं. "तीन वर्षांत जमिनीखालचं पाणी कूस तरी बदलतं का रे?" त्या चिडायच्या. "इथे पाण्यावर बोलायला सगळे आहेत, पाय ओले करायला कुणी नको." म्हणून रजा टाकून, स्वतःच्या गाडीने जायच्या. आपल्यामागे ही वही बंद पडेल, ही एकच धास्ती त्यांना होती.

आजारी पडल्यावर त्यांनी वही माझ्या हाती दिली. मी गिअरबॉक्सवाला, मला पाण्यातलं काय कळतंय! "आकडा दिसेल तसा लिहिता येतो ना? गेनाऊ, अगदी तेवढंच लागतं," त्या म्हणाल्या.

तेवढंच मला जमलं नाही. मार्चमधल्या एका सोमवारी पावसाने नुसता राडा केला होता. सात विहिरी झाल्या, आठवीपर्यंत गुडघाभर चिखल. पाणी थोडं वर आलं असेल म्हणून मी गाडीत बसून मागच्या आठवड्याच्या आकड्यातून एक सेंटिमीटर वजा केला आणि लिहून टाकला. हॉस्पिटलमध्ये ताईंनी वही चाळली आणि त्याच ओळीवर बोट ठेवलं.

"हा मोजलास?"

मी वही मिटायला हात पुढे केला.

"त्या आठवड्यात नदी चढली होती, नितीन. ही विहीर एवढंसं चढून थांबायची नाही."

"नाही मोजला, ताई."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पेन मागितलं, आकडा खोडला, शेजारी 'मोजले नाही' असं लिहिलं. "रिकामी जागा चालते रे. पुढचा माणूस ती बघून थांबतो. खोटा आकडा बघून तो पुढे जातो..." मला भयंकर लाज वाटली. तरीही वही त्यांनी मलाच परत दिली, याचं मला आजही रडू येतं.

त्या गेल्यानंतरच्या सोमवारी मी पहिल्या विहिरीशी पोचलो, तर श्रीकांतराव तिथे आधीच उभे. आयुष्यभर या विहिरींच्या नावाने बोटं मोडणारा माणूस, पायात नवेकोरे गमबूट.

"अहो, तुम्ही कशाला आलात?"

"वसुधा बजावून गेलीय. नितीनला चिखलात एकटं पाठवू नका म्हणाली."

मी फीत सोडली. दिवा लागला. श्रीकांतरावांनी चष्मा पुसून आकडा दोनदा वाचला, आणि मी तो जसाच्या तसा लिहिला.