इस्पिकची दुरी

न्हाव्यानं परवा मानेवर पावडर मारली आणि मला सासऱ्याचे पत्ते आठवले. घसरावे म्हणून तो त्यांना असलीच पावडर चोळायचा. मी भरलं ताट अंगावर फेकलं म्हणून बायको महाल भागातल्या माहेरी निघून गेली होती. घ्यायला गेलो तर सासऱ्यानं साळ्याला भिडू घेऊन मेंढीकोटचा डाव मांडला. "जवाईबापू, जिंका आन् घेऊन जा. हारले तर पोरगी इथंच राहीन." आणि तिला म्हणाला, "तू त्याच्याकून बस वं." मेंढी म्हणजे दहाचा पत्ता, चारांतल्या तीन ज्याच्या, डाव त्याचा. माझी रीत हुकूम लवकर मारायची, तिची दाबून ठेवायची. दोन मेंढ्या आम्हाला आल्या. तिसरीच्या वेळी तिच्याकडे चौकट नव्हतं, तरी तिनं हुकूम मारला नाही आणि मेंढी त्यांना जाऊ दिली. वाटलं, हिला यायचंच नाही. मग सासऱ्यानं बदामाचा एक्का टाकला. माझ्याजवळ बदामाची मेंढीच उरली होती, ती द्यावी लागली. साळ्यानं गुलाम टाकला. ती हातातले पत्ते उगाच वरखाली करत राहिली. माझ्या तोंडात थुंकी उरली नाही. शेवटी तिनं इस्पिकची दुरी ठेवली. हुकूम इस्पिकच होता. रिक्षात मी विचारलं, "पहिलेच काहून मारला नाही वं?" म्हणाली, "तुमाले भेव लागते का नाही, ते पाहून राहिली होती." ती वारली, त्याला वर्ष झालं. तसंच भेव आता रोज सकाळी लागते, पण पाहायला समोर कोणी नाही.